एका वेळी एकच पल्ला : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाने आम्हांस सूचना केली, तेव्हा राजे, संत व देशभक्त यांची नावे आधी मनात आली. परंतु त्यांची चरित्रे आपल्या घराघरांत वाचली जातात. आपल्या इन्सुलीच्या परिसरात मात्र गेल्या काही वर्षांत निराळाच प्रश्न उभा आहे. महामार्गाच्या कडेला, तपासणी नाक्यापासून बांद्याच्या बाजारापर्यंत, आपल्यापैकी कितीतरी तरुणांनी लहानमोठे धंदे मांडले. दसऱ्याच्या मुहूर्तावर पाटी लागते, नातेवाईक नारळ घेऊन येतात, आणि पुढच्या दसऱ्याच्या आत ती पाटी उतरलेली दिसते. मग तो मुलगा सकाळची गाडी धरून गोव्यात नोकरीस जाऊ लागतो. नोकरी वाईट असे आम्ही म्हणत नाही. आमचा सारा जन्म नोकरीतच गेला. पण उतरलेल्या पाटीबरोबर घरातील दागिना आणि वडिलांची पुंजीही जाते, याचे वाईट वाटते. म्हणून ज्याने लहान धंद्यात काय साधावयाचे हे आधी ठरविले, आणि ते साधल्यावाचून पुढच्या पायरीवर पाय ठेवला नाही, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही निवडले आहे.

ते आपल्या समाजाचे नव्हते, मग त्यांची कथा येथे का, असे कोणी विचारील. यास आमचे उत्तर इतकेच, की हिशेबाला जात नसते. शिवाय ते आपणांस फार दूरचेही नव्हेत. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढून ज्या बेळगावास जात असे, त्याच बेळगावात त्यांचा धंदा उभा राहिला.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी त्या काळच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक. शाळेच्या पुस्तकांत मुलाचे लक्ष नव्हते. चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून पाहणे यांतच तो रमे. वडिलांची इच्छा नसताना, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठिंब्याने, १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. चित्रकार व्हावे हे त्यांचे पहिले उद्दिष्ट होते.

ते सिद्धीस गेले नाही. दोन वर्षांच्या सुमारास ध्यानात आले, की त्यांच्या डोळ्यांस काही रंगांतला भेद कळत नाही. रंग न ओळखणारा चित्रकार म्हणजे सूर न ओळखणारा गवई. अशा प्रसंगी मनुष्य दोनच गोष्टी करताना आम्ही पाहिला आहे: एक तर खचून घरी परततो, किंवा हट्टाने त्याच भिंतीवर डोके आपटीत राहतो. लक्ष्मणरावांनी आपल्याजवळ काय उरले आहे ते पाहिले. रंग गेले, पण रेषा शिल्लक होती. त्याच शाळेत यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण मिळत असे. ते त्यांनी घेतले, आणि त्याच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्ररेखनाचे सहायक शिक्षक म्हणून ते लागले. म्हणजे हा पुरुषही आरंभी आमच्याच व्यवसायातला, याचा आम्हांस थोडा अभिमान वाटतो.

शिक्षकाच्या नोकरीत पगार ठरलेला आणि दिवस आखलेला. तथापि फावल्या वेळात लक्ष्मणराव यंत्रांची माहिती करून घेत, परदेशी यांत्रिक मासिके वाचीत. याच दिवसांत मुंबईच्या रस्त्यावर त्यांस सायकल दिसली. ती त्या काळी नवलाची वस्तू होती. त्यांनी मुंबईहून सायकली घेऊन बेळगावास रामूअण्णांकडे पाठवाव्या, आणि रामूअण्णांनी त्या विकून गिऱ्हाइकास चालविण्यासही शिकवावे, असा दोघा भावांनी धंदा मांडला. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ हा मानतात, तो याच खटपटीपासून.

या मांडणीकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. नोकरी सोडलेली नाही. कर्जाचा डोंगर केलेला नाही. एक भाऊ जेथे माल मिळतो तेथे, दुसरा जेथे माल खपतो तेथे. आणि सायकल विकून हात झटकले नाहीत, तर ती चालविता येईपर्यंत गिऱ्हाइकास धरून ठेवले. ज्याला चालविता येत नाही तो सायकल का घेईल? आपल्याकडे पुष्कळ धंदे माल वाईट म्हणून बुडत नाहीत. माल विकल्यावर गिऱ्हाइकाचे पुढे काय झाले हे कोणी विचारीत नाही म्हणून बुडतात.

पुढे संस्थेत वरची जागा रिकामी झाली. ती आपणांस मिळेल अशी लक्ष्मणरावांची रास्त अपेक्षा होती. परंतु ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास आले. राग कोणाला येत नाही? पण केवळ रागाच्या भरात नोकरी सोडणारा मनुष्य आणि आधी घर बांधून मग भाड्याची खोली सोडणारा मनुष्य यांत अंतर आहे. बेळगावातील दुकान तोवर चालते झाले होते. ज्या रस्त्यावर ते होते, त्यास पुढे किर्लोस्कर रोड हे नाव पडले.

दुसऱ्याने बनविलेली वस्तू विकण्यात नफ्याची दोरी दुसऱ्याच्या हाती राहते. उद्या तोच माल शेजारी आणू लागला की दर पाडण्यावाचून उपाय नसतो. तेव्हा स्वतः काहीतरी घडवावे, हा लक्ष्मणरावांचा पुढचा पल्ला ठरला. काय घडवावे, हा प्रश्न त्यांनी कसा सोडविला ते पाहण्यासारखे आहे. इंजिने व मोटारी यांची चित्रे मासिकांतून त्यांच्या डोळ्यांसमोर रोज असणार. परंतु ते भोवतालच्या शेतकऱ्याकडे वळले. देशावरचा शेतकरी बैलांना कडबा घालतो. अखंड कडबा घातला तर निम्मा तुडवून वाया जातो. म्हणून कडबा कापण्याचे यंत्र ही त्यांनी आपल्या लहानशा कारखान्यात बनविलेली पहिली वस्तू. घडविण्यास आवाक्यातली, आणि उपयोग पहिल्या दिवशी डोळ्यांना दिसणारी.

त्यानंतर आला लोखंडी नांगर. साल १९०३. योगायोग असा, की त्यांचे पुत्र शंतनुराव यांचा जन्मही त्याच वर्षी झाला.

आपल्या कोकणातल्या वाचकांस लोखंडी नांगराचे महत्त्व सहज कळणार नाही. आपले कुणगे लहान, पावसात चिखल करून भात लावावयाचे, त्यास लाकडी नांगर आणि एक जोत पुरे. घाटावरची काळी जमीन निराळी. तेथे हरळीची व कुंद्याची मुळे खोलवर जातात, आणि उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते. लाकडी नांगर त्या जमिनीवर नुसता चर ओढतो. लोखंडी नांगराचा फाळ खोल शिरतो, आणि वरचे वळविलेले पाते ढेकूळ उचलून उलटे टाकते. त्यामुळे मुळे उन्हात पडून वाळतात. विलायती नांगर हेच काम करीत होते. लक्ष्मणरावांस तोच नांगर येथल्या हातांनी आणि येथल्या शेतकऱ्यास परवडेल अशा रीतीने बनवावयाचा होता.

नांगर तयार झाला, आणि एकही खपेना. लोखंडाने जमिनीत विष पसरते, पीक जळते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे! हे वाक्य लिहिताना चरित्रकाराची लेखणी सहज पुढे सरकते. पण ज्याच्या कारखान्यात न विकलेला माल पडून आहे आणि महिन्याच्या अखेरीस माणसांचा पगार द्यावयाचा आहे, त्यास ती दोन वर्षे कशी गेली असतील याचा विचार दुकान चालविणाऱ्या वाचकांनी करावा. आमच्या मते लक्ष्मणरावांच्या साऱ्या आयुष्यातील मोठेपण या दोन वर्षांत आहे, पुढच्या वैभवात नव्हे. चित्रकला त्यांनी सोडली होती. नांगर सोडला नाही. दोहोंतला फरक असा, की चित्रकलेत उणीव स्वतःच्या डोळ्यांत होती आणि ती भरून येणारी नव्हती. नांगराच्या बाबतीत अडचण गिऱ्हाइकाच्या समजुतीची होती, आणि समजूत शेतात नांगर चालवून दाखविल्याने बदलते. कोणते उद्दिष्ट सोडावे व कोणते धरून ठेवावे, याची ही कसोटी ज्यास लावता आली, तो धंद्यात तरला असे म्हणावयास हरकत नाही.

येथे शाळामास्तराच्या सवयीने थोडे गणित करण्याचा मोह होतो, तो वाचकांनी सहन करावा. आपल्या भागातील तरुणास धंदा कशाचा करतोस असे विचारले तर तो सांगतो, काजूचा. उद्दिष्ट काय, तर खूप वाढवावयाचा. हे उद्दिष्ट नव्हे, ही इच्छा झाली. समजा, त्याने असे ठरविले की गणपतीपासून दिवाळीपर्यंत पाचशे किलो काजूगर विकावयाचा. आता लगेच प्रश्न सुटू लागतात. एक किलो गर निघण्यास चार ते साडेचार किलो बी लागते. म्हणजे पाचशे किलोंस दोन टनांहून अधिक बी हवी. ती बी मिळते फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. पाऊस लागण्यापूर्वी ती उन्हात नीट वाळवून ठेवली पाहिजे. म्हणजे पैसा उन्हाळ्यात गुंतणार आणि मोकळा होणार भाद्रपदात. मधल्या चार महिन्यांचा घरखर्च कोठून येणार? फोडणाऱ्या बायकांची मजुरी कोठून? गिऱ्हाईक कोण, आणि त्याचे पैसे रोख की उधारीवर? पाचशेचा आकडा मनाशी पक्का केला म्हणून हे प्रश्न समोर आले. नुसते वाढवावयाचे म्हटले असते तर ते आषाढात, तिजोरी रिकामी झाल्यावर सुचले असते. आणि हिशेब मांडून पाहता पाचशे जमणार नाही असे दिसले, तर दोनशेवर यावे. त्यात कमीपणा कसला? लक्ष्मणरावांनी कडब्याच्या यंत्रापासून आरंभ केला तो याच बुद्धीने. नांगरही शेतीच्या हंगामावर खपणारी वस्तू. तोही आधी घडवून ठेवावा लागे आणि पैसे मागाहून येत.

असो. नांगराचा खप हळूहळू सुरू झाला, तोच दुसरे संकट आले. बेळगाव नगरपालिकेस शहराच्या वाढीसाठी ती जागा हवी होती, आणि लक्ष्मणरावांस कारखाना उठविण्यास सांगण्यात आले. चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेला मनुष्य, लोखंडाचा जड पसारा, हाताखाली माणसे, आणि जावयाचे कोठे हे ठाऊक नाही. अशा वेळी औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या साहाय्यास आले. बाळासाहेब १९०९ साली गादीवर आलेले, स्वतः चित्रकार, आणि लक्ष्मणरावांचे काम ओळखून असलेले. त्यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळ, बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

कित्येक लेखक हा प्रसंग दैवाचा कौल म्हणून रंगवितात. आम्हांस तसे वाटत नाही. औंधच्या राजांनी रकमेबरोबर विश्वास दिला, हे खरे. पण तो विश्वास वीस-बावीस वर्षांच्या कामावर होता. ज्याच्या हातून सांगितलेले काम पुरे होते अशी ख्याती झाली आहे, त्यालाच कोणी दहा हजार रुपये व्याजावाचून देतो. आपल्या मुलांना बँक कर्ज देत नाही अशी तक्रार आम्ही पुष्कळ ऐकतो. ती काही वेळा रास्तही असते. परंतु तीन वर्षांचा खरा जमाखर्च दाखवा म्हटले, तर वही निघत नाही, हेही आम्ही पाहिले आहे.

मिळालेली जमीन म्हणजे निवडुंगाचे रान. पाऊस बेताचा, साप उदंड. १० मार्च १९१० रोजी तेथे कामास आरंभ झाला. बेळगावाहून यंत्रे आली, पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे आली. निवडुंग तोडून जमीन मोकळी करणे, निवारा उभारणे, भट्टी पेटविणे अशा क्रमाने ती वसाहत वाढली. तिचे नाव किर्लोस्करवाडी. कारखान्याभोवती कामगारांचे गाव वसविण्याचा हा आपल्या देशातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक.

या वाडीतील माणसांविषयी सांगितल्यावाचून लक्ष्मणरावांचे चरित्र पुरे होत नाही. रामूअण्णा वसाहतीची आखणी व व्यवस्था पाहत. शंभूराव जांभेकर हे मूळचे इंजिन चालविणारे. ते यंत्रशाळेचे आधार झाले. मंगेशराव रेगे कचेरी आणि जमाखर्च सांभाळीत. के. के. कुलकर्णी विक्रीपासून कोर्टकचेरीपर्यंत पडेल ते काम करीत. अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण अर्धवट राहिले होते, पण यंत्र सुधारण्यात त्यांचे डोके असामान्य चाले. या मंडळींत मोठ्या पदव्या मिरविणारा कोणी दिसत नाही. प्रत्येकाजवळ जे होते ते ओळखून त्यास जागेवर बसविणे, हे लक्ष्मणरावांचे काम. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या माणसांना त्यांनी वाडीची राखण सांगितली, आणि त्यांनी ती इमानाने केली. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा त्यांचा दंडक होता. १९१० च्या सुमारास, खेड्यापाड्यांच्या मुलखात, हे सोपे नव्हते. आपल्यासारख्या जातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवावी असे आम्हांस वाटते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येणे रोडावले, तेव्हा देशी नांगरास मागणी वाढली. परंतु लोखंड, कोळसा व रंग हेही मिळेनात. मागणी आहे आणि कच्चा माल नाही, ही कारखानदाराची सर्वांत मोठी घालमेल. मिळेल त्या जळणावर भट्टी चालू ठेवावी, मोडीचे लोखंड गोळा करावे, असे दिवस काढले. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. ज्या लोखंडाने गोळे फेकले त्याचे फाळ झाले.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. बेळगावात दोन भावांनी आरंभिलेला धंदा भागधारकांचा होण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला, ही गोष्ट दोन वर्षांत दुसरी शाखा काढू पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या मालाची व वाडीची वार्ता गिऱ्हाइकांस कळावी, एवढाच त्याचा आरंभीचा हेतू. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही भावंडे त्यास मिळाली. आमच्या पिढीतील पुष्कळांच्या घरी त्यांचे जुने अंक आई-मावशीच्या ट्रंकेत सापडत.

पुढचा विस्तार भराभर सांगतो. शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे यंत्रविद्या शिकून १९२६ साली परतले. नांगर आणि कडब्याच्या यंत्राबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप वाडीत होऊ लागले. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रसामग्रीचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्याजवळ खडकीस तेल इंजिनांचा, आणि बंगळूर येथे विजेच्या मोटारींचा. आपल्याकडे नांगर फारसा आला नाही, पण पंप आला. ज्या बागायतदारांच्या वडिलांनी रहाट फिरवून आणि लाट ओढून माड-पोफळीस पाणी घातले, त्यांच्या विहिरीवर किर्लोस्कर हे नाव कोरलेले इंजिन येऊन बसले, आणि कित्येक घरांत इंजिन या वस्तूचेच ते नाव होऊन गेले.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली, तीत किर्लोस्करवाडीही सापडली. ज्या कारखान्यात जातिभेदास थारा नव्हता, तो जातीच्या रागात जळावा, यापेक्षा दुःखाची गोष्ट कोणती? लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते. कारखाना पुन्हा उभा राहिला व चालू झाला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. त्यांच्या जन्मशताब्दीस, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. निवडुंगाच्या रानाजवळचे जे कुंडल रोड स्टेशन, त्याचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले. मिरजेहून पुण्याकडे रेल्वेने जाताना ते सांगलीच्या पुढे लागते.